कुलज कंपवात : बीजदोष, कपिकच्छू आणि एका कुटुंबाचा प्रश्न

कंपवाताच्या रुग्णासमवेत येणारे नातेवाईक पूर्वी एकच प्रश्न विचारीत, "हाताची थरथर थांबेल का?" अलीकडे त्यास दुसरा प्रश्न जोडला जाऊ लागला आहे. रुग्ण तपासून झाला, औषधाची पुडी बांधून झाली की मुलगा किंवा मुलगी क्षणभर मागे रेंगाळते आणि आवाज खाली आणून विचारते, "डॉक्टर, हे पुढे आम्हालाही होणार का?" या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी बहुतेकजण दोन प्रकारे देतात. काहीजण "छे, छे, हा म्हातारपणाचा आजार आहे" म्हणून वेळ मारून नेतात. तर काहीजण ग्रंथातील कुलज विकारांच्या असाध्यतेचा दाखला देऊन एका निरोगी माणसास आयुष्यभराची धास्ती लावून देतात. आम्ही स्वतः दोन्ही चुका केलेल्या आहेत. त्यातील एक चूक तर अशी होती की तिने आम्हांस हा विषय मुळापासून पुन्हा वाचावयास लावले. रुग्णाच्या अनुमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने ती हकिगत येथे सांगत आहोत.

काही वर्षांपूर्वी एकोणतीस वर्षांचा एक ऊस उत्पादक शेतकरी आमच्याकडे आला. तक्रार कंपाची नव्हतीच. दुपारनंतर उजव्या पायाचे पाऊल आत वळते, पोटरीत गोळा येतो, चालताना पाय ओढला जातो. रात्री झोप झाली की सकाळी पाय जवळजवळ पूर्ववत असतो. मलावष्टंभ होता, निद्रा बरी होती, वासाचे ज्ञान उत्तम होते. आम्ही निदान केले खल्ली, आणि स्नेहन, स्वेदन, बस्ती असा क्रम सुरू केला. कोठा सुधारला, पाय सुधारला नाही. सहा महिन्यांनी उजव्या हाताच्या हालचाली मंद झाल्या. तेव्हा कंपवाताचा विचार करून कपिकच्छूचूर्ण दुधातून सुरू केले. आठ दिवसांत रुग्ण हसत दवाखान्यात आला. आम्हीही मनातून सुखावलो, आणि मात्रा वाढविली. दीड महिन्याने त्याची आई त्याला घेऊन आली, ती "पोरगा बसल्या जागी नागासारखा डुलतो" असे सांगत. मान, खांदा आणि उजवा हात अनैच्छिक हालचालींनी वळत होते. वातप्रकोप वाढला असे समजून आम्ही आणखी कपिकच्छू देणारच होतो. सुदैवाने त्यापूर्वी मेंदूविकारतज्ज्ञांचे मत घेण्याची बुद्धी झाली.

त्या तज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो आम्ही वर्षभरात एकदाही विचारला नव्हता : "तुझ्या आईवडिलांचे लग्नापूर्वीचे नाते काय?" रुग्णाची आई म्हणजे त्याच्या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी.

आपल्या महाराष्ट्रात हे नाते काही अपूर्वाईचे नाही. पण चाळिशीच्या आत सुरू झालेला कंपवात, पायाच्या पावलापासून झालेली सुरुवात, झोपेनंतर येणारा उतार, थोड्याशा लेवोडोपाने मिळणारा लक्षणीय उपशय, त्याच्याच पाठोपाठ लवकर उद्भवणाऱ्या अनैच्छिक हालचाली आणि जोडीला आईवडिलांचा सगोत संबंध, हे सर्व एकत्र आले की ज्या एका जनुकाचा संशय घ्यावा त्याचे नाव 'पार्किन'. १९९८ साली जपानी संशोधकांनी ते शोधून काढले. तपासणीत आमच्या रुग्णाच्या दोन्ही प्रतींत या जनुकाचा एकच तुकडा गळालेला आढळला.

बीज, बीजभाग आणि बीजभागावयव

येथे आपल्या शास्त्राकडे वळणे क्रमप्राप्त आहे. चरकांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात ऐंशी नानात्मज वातविकारांत वेपथूची गणना केली आहे. माधवनिदानात त्याचे वर्णन येते, आणि 'कंपवात' ही आज रूढ असलेली संज्ञा बसवराजीयासारख्या नंतरच्या ग्रंथांतून आली आहे. वेपथु हा कुलज असतो, असे मात्र यांतील कोणीही स्पष्ट म्हटलेले नाही, ही गोष्ट आपण प्रथम प्रामाणिकपणे मान्य करावी. बीजदोषाचा विचार येतो तो अन्यत्र. सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात शुक्रशोणितदोषांतून येणाऱ्या व्याधींस आदिबलप्रवृत्त म्हटले, त्यांचे मातृज व पितृज असे भेद केले आणि उदाहरणे दिली ती कुष्ठ व अर्शाची. चरकांनी शारीरस्थानात बीज, बीजभाग आणि बीजभागावयव असे उत्तरोत्तर सूक्ष्म होत जाणारे स्तर मानले, आणि बीजाचा जो अंश दूषित होतो त्यापासून घडणाऱ्या अवयवात विकृती येते, असा सिद्धांत मांडला.

परिषदांतील व्याख्यानांत हल्ली 'बीजभाग म्हणजे क्रोमोसोम आणि बीजभागावयव म्हणजे जीन' असे समीकरण सर्रास फळ्यावर लिहिले जाते. आम्हांस ते रुचत नाही. चरकांची थोरवी सिद्ध करण्यास त्याची गरज नाही. आनुवंशिक दोष हा समग्र बीजाचा नसून त्याच्या एखाद्या सूक्ष्म अंशाचा असू शकतो, म्हणूनच एकाच आईबापांच्या एका अपत्यात विकृती येते आणि दुसऱ्यात येत नाही, ही दृष्टीच त्या काळी विलक्षण होती. समीकरण मांडले की आपण विचार करणे थांबवितो, आणि रुग्णास "आमच्या ग्रंथात हे सर्व आहेच" असे सांगून तपासणीवाचून परत पाठवितो.

असाध्यतेचेही तसेच. कुलज विकार असाध्य होत, हे वचन प्रमेहचिकित्सेच्या अध्यायात, बीजदोषज प्रमेहाच्या संदर्भात येते. कंपवाताच्या घरात ते उच्चारताना असाध्य आणि याप्य यांतील भेद सोडून चालणार नाही. पार्किन जनुकाचा दोष असलेला रुग्ण अनेकदा तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे हिंडता-फिरता राहतो. व्याधी मंदगतीने वाढतो, बुद्धी सहसा शाबूत राहते. याप्यत्वाचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडावयाचे नाही.

एक व्याधी, अनेक बीजे

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकारावर आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षे हा व्याधी आनुवंशिक नाही, असाच बहुसंख्य तज्ज्ञांचा समज होता. तो समज मोडला इटलीतील सालेर्नो प्रांतातल्या कोन्तुर्सी या गावातून निघालेल्या एका कुटुंबाने. या कुटुंबातील काही शाखा अमेरिकेत स्थायिक झाल्या होत्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यात कंपवाताचे रुग्ण होत होते. त्यांच्या रक्ताच्या अभ्यासातून १९९६ साली दोषाचे स्थान चौथ्या गुणसूत्रावर निश्चित झाले, आणि १९९७ साली अल्फा-सायन्युक्लीन या प्रथिनाच्या जनुकातील एका अक्षराचा बदल हाती लागला. त्याच वर्षी असे दिसून आले की फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ साली रुग्णांच्या मेंदूत पाहिलेल्या गोलाकार पिंडांत हेच प्रथिन साचलेले असते. पुढे २००३ साली आयोवातील एका कुटुंबात जनुक निर्दोष, पण त्याच्या प्रती जास्त, असा प्रकार सापडला. प्रथिन बिघडलेले नसले तरी नुसते अतिमात्र झाल्याने व्याधी उत्पन्न होतो, हे त्यावरून कळले. मात्राधिक्य हेही दुष्टीचे कारण होते, हे आपल्याला निराळे सांगावयास नको.

त्यानंतर जनुकांची रांगच लागली. त्यांतील एलआरआरके-२ हे जनुक २००४ साली ओळखले गेले. स्पेनमधील बास्क कुटुंबांवर काम करणाऱ्या संशोधकांनी त्याच्या प्रथिनास 'डार्डारिन' नाव दिले, कारण बास्क भाषेत 'डार्डारा' म्हणजे थरथर. या जनुकातील एक विशिष्ट बदल उत्तर आफ्रिकेतील अरब-बर्बर रुग्णांत शंभरात चाळिसाच्या आसपास आढळतो, अश्केनाझी ज्यू रुग्णांतही पुष्कळ आढळतो, आणि आपल्याकडे अतिशय विरळा. दोष असलेल्या सर्वांनाच व्याधी होतो असेही नाही. ऐंशी वर्षांचे होऊनही हात स्थिर असलेले वाहक आहेत. परदेशातील तयार संचाने लाळेची तपासणी करून "तुम्हांस धोका नाही" असा कागद घेऊन येणाऱ्या मराठी कुटुंबांस हे समजावून सांगणे अगत्याचे आहे. त्या संचात पाहिले जाणारे बदल ज्या समाजांत विपुल आहेत, तो समाज आपला नव्हे.

जीबीए-१ जनुकाची कथा आणखी बोधप्रद आहे. त्याच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर गोशे व्याधी होतो. एकच सदोष असेल तर माणूस निरोगी दिसतो. पण गोशेच्या रुग्णांच्या नातेवाइकांत कंपवात अधिक आढळतो, हे काही चिकित्सकांच्या ध्यानात आले. केवळ कुलवृत्तांत नीट विचारल्यामुळे! २००९ साली अनेक देशांतील केंद्रांच्या एकत्रित अभ्यासाने असे दाखविले की कंपवाताच्या रुग्णांत या दोषाचे वाहक असण्याची शक्यता इतरांच्या पाचपटींहून अधिक असते.

आणि तरीही एकूण रुग्णांत एकाच जनुकाच्या ठळक दोषाने ग्रस्त असलेले शंभरात पाच ते दहाच असतात. उरलेल्यांत असतात ते अनेक लहान-लहान कल. २०१९ साली मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या जनुकसमुच्चयाची तुलना करून असे ९० कल नोंदले गेले. त्यांतील प्रत्येकाचा वाटा अत्यल्प असतो. येथे जनुक हे कारण नसून क्षेत्र ठरते, आणि मग निदान सेवनाचा विचार आलाच. पॅराक्वाट व रोटेनोन ही शेतीत वापरली जाणारी द्रव्ये हाताळणाऱ्यांत कंपवात अधिक आढळतो, असे २०११ साली अमेरिकेतील कीटकनाशक फवारणाऱ्यांच्या अभ्यासात दिसले. आणि विषद्रव्यांचा निचरा करणाऱ्या एका विकराचे जनुक ज्यांच्यात जन्मतःच नसते, त्यांच्यात पॅराक्वाटचा धोका कित्येक पटींनी वाढतो. तणनाशकाचा पंप पाठीवर घेऊन उघड्या हातांनी फवारणी करणारे आपले रुग्ण थोडे नाहीत. कुलवृत्तांताच्या पुढच्याच रकान्यात हा प्रश्न लिहून ठेवावा.

मुंबईतील पारशी समाजाचा उल्लेख केल्यावाचून हा भाग पुरा होत नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या घरोघरच्या पाहणीत तेथे कंपवाताचे प्रमाण लाखामागे ३२८ असे आढळले. भारतातील अन्य पाहण्यांच्या मानाने हा आकडा फार मोठा आहे. समाजात वृद्धांचे प्रमाण जास्त, हे त्याचे एक कारण खचितच. समाजांतर्गत विवाहांमुळे बीजातही काही असावे, असा तर्क तेव्हापासून केला जातो. तर्क तो तर्कच. पण पारशी वसाहतीजवळ दवाखाना असलेल्या वैद्याने या रुग्णांकडे निराळ्या सावधतेने पाहावे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येईल.

प्रकृतीविषयी दोन शब्द. डॉ. बाला मन्यम व डॉ. अभिमन्यू कुमार यांनी २०१३ साली कंपवाताच्या रुग्णांत वातप्रकृतीचे आधिक्य असल्याचे प्रसिद्ध केले. आपल्या मनास ते चटकन पटते, म्हणूनच थबकून पाहिले पाहिजे. व्याधी जडल्यानंतर प्रकृतिपरीक्षण केले तर मलावष्टंभ, कृशता, निद्राल्पता, चिंता ही वैकृत लक्षणेच प्रकृतीच्या खात्यात जमा होत नाहीत काय? हा प्रश्न सोडवावयाचा तर व्याधी होण्यापूर्वी प्रकृती नोंदवून वीस वर्षे वाट पाहावी लागेल. आपल्या दवाखान्यांच्या जुन्या केसपेपरांत कदाचित ते उत्तर पडून असेल.

कपिकच्छू, सर्पगंधा आणि औषधालये

आता आमच्या दुसऱ्या चुकीकडे. कपिकच्छूच्या बीजातून लेवोडोपा वेगळा केला तो दामोदरन व रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी, १९३७ साली; कंपवातात त्याचा उपयोग कळण्याच्या कितीतरी आधी. बीजचूर्णात त्याचे प्रमाण साधारणतः शेकडा तीन ते सहा असते. म्हणजे पाच ग्रॅमच्या एका चमच्यात दीडशे ते तीनशे मिलिग्रॅम. २००४ साली लंडन येथे आठ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात तीस ग्रॅम कपिकच्छूयोगाचा परिणाम नेहमीच्या गोळीच्या मानाने निम्म्या वेळात सुरू झाला आणि अधिक काळ टिकला. आपल्या शास्त्राच्या अभिमानाने ही बातमी आपण सर्वत्र सांगतो. पण तिचा व्यत्यास सांगत नाही. जे द्रव्य गुण करते ते मात्रेबाहेर गेले की अपायही करते. आमच्या रुग्णास झाले ते वातप्रकोपाचे नवे रूप नव्हते, तो लेवोडोपाचा अतियोग होता; आणि पार्किनदोषाचे रुग्ण त्यास विशेषच संवेदनशील असतात.

रुग्ण आधीच लेवोडोपा-कार्बिडोपाची गोळी घेत असेल तर गोष्ट अधिक बिकट होते. कार्बिडोपामुळे लेवोडोपाची गरज सुमारे तीन चतुर्थांशाने कमी होते. हा नियम चूर्णातील लेवोडोपासही लागू पडतो. म्हणजे एकट्याने सौम्य वाटणारा चमचा गोळीच्या संगतीत चौपट बळाचा होतो. भास होणे, उठताना रक्तदाब घसरून चक्कर येणे, अनैच्छिक हालचाली, हे सर्व मग 'आयुर्वेदिक औषधाची गरमी' म्हणून आपल्याच माथी येते. याउलट "इंग्रजी गोळी एकदम बंद करा" असे सांगणे हा तर जीविताशी खेळ आहे; लेवोडोपा अचानक थांबविल्याने तीव्र ज्वर, सर्वांगस्तंभ आणि मोह होऊन रुग्ण दगावू शकतो.

औषधालयांच्या मालकांस आमची विनंती आहे. एकाच नावाची तीन चूर्णे बाजारात असतात : सालासकट कच्च्या बीजाचे, दुधात शिजवून साल काढलेल्या शुद्ध बीजाचे, आणि अर्कमिश्रित. लेवोडोपा जलविद्राव्य असल्याने शिजवून द्रव टाकून दिला की त्याचे प्रमाण घटते. वानरी गुटिकेसाठी ते शोधन योग्यच. परंतु कंपवाताच्या रुग्णाने मागील महिन्यात एक आणि या महिन्यात दुसरे चूर्ण नेले तर मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते, आणि दोष वैद्याच्या निदानास लागतो. रुग्णास नेहमी एकाच उत्पादनाचे चूर्ण द्यावे, बदलल्यास वैद्यास कळवावे. दुधाचे अनुपानही डोळे झाकून सांगू नये, कारण प्रथिनयुक्त आहार लेवोडोपाच्या शोषणास अडथळा करतो. पारसीक यवानीचे योग वृद्धांस देताना स्मृतिभ्रंश व मूत्रावरोध यांकडे लक्ष असावे.

सर्पगंधेबद्दल तर अधिक स्पष्टपणे लिहावयास हवे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचा गुण जगापुढे मांडला, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण १९५७ साली आर्विद कार्लसन यांनी सशांना स्तब्ध करण्यासाठी वापरले ते याच वनस्पतीतील रेसर्पिन, आणि त्यांना पुन्हा हालते केले ते लेवोडोपाने. त्या संशोधनमालेस २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. निद्रानाशासाठी महिनोन्‌महिने सर्पगंधेच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णात मंदत्व व कंप दिसला तर जनुके शोधण्यापूर्वी त्याची पिशवी तपासावी. चक्कर येण्यावर दिल्या जाणाऱ्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा उलटीवरील मेटोक्लोप्रमाइडनेही हेच घडते. आणि तरुण रुग्णात कंप असेल तर ताम्रसंचयाचा विल्सन व्याधी वगळल्याखेरीज पुढे जाऊच नये. तोही दोन्ही प्रतींच्या दोषाने येतो, पण वेळेवर कळला तर त्यावर परिणामकारक उपचार आहेत.

त्या कुटुंबाचा प्रश्न

आमच्या रुग्णाचे निदान झाल्यावर आठवड्याभरात त्याची आई एकटीच आली. धाकट्या मुलाचे लग्न तिच्या सख्ख्या भावाच्या मुलीशी ठरले होते, सुपारी फुटली होती. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, भावाला शब्द दिलाय. पण पुन्हा तेच घरात आणायचं का? खरं काय ते सांगा, माझ्यापासून लपवू नका."

सर्वसामान्य माणसास आयुष्यात कंपवात होण्याची शक्यता शंभरात एक-दोन असते. आई, वडील वा भावंडास तो असल्यास ती दुप्पट-तिप्पट होते. उतारवयात सुरू झालेल्या नेहमीच्या कंपवातात मुलांना एवढेच सांगावे, आणि हे सांगताना शंभरातील नव्वदांहून अधिकजणांस तो होत नाही, हेही सांगावे. पण या घराचा हिशेब निराळा होता. पार्किनचा व्याधी होण्यास दोन्ही प्रती सदोष लागतात. धाकटा मुलगा निरोगी आहे असे धरल्यास तो वाहक असण्याची शक्यता तिनांत दोन. आई निश्चित वाहक, म्हणून तिचा भाऊ वाहक असण्याची शक्यता निम्मी, त्याच्या मुलीची चौथाई. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक अपत्यास धोका चौथाई. तिन्हींचा गुणाकार चोविसांत एक. नात्याबाहेर लग्न केले तर हाच धोका नगण्य होतो. आम्ही केसपेपरच्या मागे वंशवृक्ष काढून हे तिला दाखविले. तिला ते आमच्यापेक्षा लवकर समजले; दोन खडे काळे, दोन पांढरे अशी मांडणी तिनेच टेबलावर चूर्णाच्या झाकणांनी करून पाहिली.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा चोविसांत एक अंदाजावर सोडण्याची आवश्यकता नव्हती. घरातील दोष नेमका ठाऊक असल्याने तोच तेवढा तपासता येत होता. मात्र पार्किनमध्ये जनुकाचे तुकडेच्या तुकडे गळालेले असतात, आणि केवळ अक्षरक्रम वाचणारी तपासणी ते चुकवू शकते. प्रतींची संख्या मोजणारी तपासणी मागावी लागते. जनुकीय समुपदेशकाच्या पत्रात हे आवर्जून लिहून घेतले. तपासणी करावी की न करावी हे त्या दोघांनी ठरवावे, घरच्यांनी नव्हे, हेही आम्ही सांगितले. कारण अशा कागदाचा बोभाटा झाला की गावात त्या मुलीच्याच नावाला बट्टा लागतो. आजारी माणूस तिच्या आत्याच्या घरातला असला तरी.

मुलीनेच पुढाकार घेतला. वाहक निघाला तो धाकटा भाऊ. तिच्या दोन्ही प्रती निर्दोष होत्या. लग्न ठरल्या तिथीस वैशाखात झाले. मोठा भाऊ आज अगदी अल्प मात्रेतील लेवोडोपा-कार्बिडोपा घेतो, कपिकच्छू घेत नाही. मलावष्टंभासाठी ऋतुपरत्वे बस्ती, रात्री पायास अभ्यंग आणि रोजची चाल एवढे आम्ही सांभाळतो. दर तीन महिन्यांनी तो मेंदूविकारतज्ज्ञांकडे जातो, आणि परतताना त्यांच्या चिठ्ठीची एक प्रत आमच्याकडे ठेवून जातो.